गुडघ्याच्या गोळ्या गुडघ्याला

४ फेब्रुवारी

प्रिय अक्का,

पार्सल शनिवारी मिळालं. मलमाच्या दोन डब्या आणि पाण्यात टाकल्या की फसफसणाऱ्या गोळ्यांची नळी, सगळं शाबूत आहे. मलम लावायला लागलो. वास इतका उग्र की मी जिन्याच्या कितव्या पायरीवर आहे ते खालच्या छत्रीवाल्यांना न बघताच कळतं.

स्टुलावरून पडलो त्याला आता सात आठवडे झाले. गुडघा अजून कुरकुरतो. डॉक्टरांनी दुखेल तोवर घ्यायला सांगितलेल्या गोळ्या चालू आहेत.

मुख्य गोष्ट वेगळीच. गेल्या सोमवारपासून या इमारतीत घंटा वाजते आहे. बारीक, सलग. लांब कुठेतरी कोणी बटणावर बोट ठेवून विसरून गेल्यासारखी. आधी वाटलं फोन. उचलला, तर कोणी नाही. मग वाटलं दार. मंगळवारी चौदा वेळा दार उघडलं, चौदाही वेळा जिना मोकळा. नोंद ठेवली आहे.

या आवाजानं डोकं चढतं. खालचे छत्रीवाले भला माणूस, त्यांनी स्वतःच्या डोकेदुखीच्या पुड्या दिल्या. पोटात जळजळतं, त्याला तुझ्या फसफसणाऱ्या गोळ्या आहेतच. आता तू म्हणशील, एवढी औषधं कशाला? पण मी चौतीस वर्षं बाजारातली वजनमापं तपासली आहेत. कुठल्याही पाकिटावर लिहिलं आहे त्याहून एक कण जास्त घेत नाही. वहीत चार रकाने पाडले आहेत: गुडघा, डोकं, पोट आणि कातडी. गुडघ्याच्या गोळ्या गुडघ्याला, डोक्याची पूड डोक्याला. एका दुकानाचं वजन दुसऱ्या दुकानाच्या पारड्यात टाकायचं नसतं, हे मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकलो.

घंटेचा छडा लागला की कळवतो.

तुझा,
काट्या

•

९ फेब्रुवारी

प्रिय काट्या,

तुझ्या कानात मळ झाला आहे. दवाखान्याच्या खिडकीत सव्वीस वर्षं केसपेपर फाडले मी. माझ्यासमोर दोन डॉक्टर म्हातारे होऊन घरी गेले. माणूस खिडकीशी वाकला की त्याला काय झालंय ते मला त्याच्या आधी कळायचं. कोमट तेल घाल, घंटा बंद होईल.

मलम दिवसातून दोनदा लावत असशील, तू काटकसरीच आहेस. चार वेळा लाव, चांगलं चोळून, वर फडकं बांध. मलमानं आजवर कोणी मेलेलं नाही.

दुसरी गोष्ट. मी रोज सहा वाजता फोन करते. तू उचलतोस, "वाजणं बंद करा" म्हणतोस आणि ठेवून देतोस. ती मी असते.

मी स्वतः आले असते, पण तुझ्या उंबऱ्याचं आणि माझं काय आहे ते तुला माहीत आहे. नऊ वर्षांपूर्वी तू यांच्या दुकानाचा काटा सील केलास. आठ ग्रॅमसाठी. सख्ख्या मेव्हण्याचा. हे गेले, पण ते आठ ग्रॅम माझ्या डोक्यातून गेले नाहीत. औषधं पाठवते, कारण त्याला उंबरा ओलांडावा लागत नाही.

अक्का

•

१३ फेब्रुवारी

प्रिय अक्का,

सहा वाजता तू होतीस हे आता कळून उपयोग नाही. टेलिफोन कचेरीत जाऊन फोन कापून घेतला. कापल्यानंतरही घंटा वाजतच राहिली, त्यामुळे फोन निर्दोष ठरला. तसं त्यांना लेखी कळवलं आहे.

तेल घातलं. घंटा तेलकट झाली, एवढाच फरक.

मग रीतसर तपासणी काढली. निवृत्तीच्या दिवशी कचेरीतल्या मंडळींनी मला शिशाची सीलं आणि दाबायची पक्कड आठवण म्हणून दिली होती. ती ट्रंकेतून काढली. नियम सोपा ठेवला: वाजू शकेल ते सील करायचं. दाराची घंटा, गजराचं घड्याळ आणि आवारातल्या सातही सायकलींच्या घंट्या झाल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंच्या किल्ल्यांचा जुडगा एकत्र सील केला. त्यांना पाच वाजेपर्यंत घरात जाता आलं नाही, त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. तळमजल्यावरच्या मांजराच्या गळ्यातलं घुंगरूही सील झालं. मांजरानं विरोध नोंदवला, डाव्या मनगटावर.

आवाज तसाच. शिवाय इमारतीतली माणसं आता माझ्याशी मुद्दाम कुजबुजत बोलतात. ओठ हलतात, शब्द येत नाही. काहीतरी शिजतं आहे.

कामाचा ताण पडतो, नाही म्हणत नाही. थंडी असून दिवसाला दोन सदरे घामानं भिजतात. खुर्चीत बसल्या बसल्या धाप लागते, जणू बसून जिना चढतो आहे. अन्न पोटात टिकत नाही. घंटा थांबली की हे सगळं थांबेल.

तुझ्या सांगण्यावरून मलम चार वेळा केलं. डोकं जास्त दुखतं म्हणून पुड्याही वाढवल्या आहेत, पण पाकिटावरच्या मर्यादेतच. वही बघायला ये म्हटलं असतं, पण तू येणार नाहीस.

काट्या

•

१६ फेब्रुवारी

अक्कांना नमस्कार,

मी तुमच्या भावांच्या खाली राहतो. छत्र्या दुरुस्त करतो. आपली ओळख नाही, तरी लिहितो. इमारतीत फोन एकच होता, तो त्यांचाच. तुमचा पत्ता त्यांच्या जिन्यात पडलेल्या पाकिटावर मिळाला.

परवा सकाळी ते माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, छत्र्यांच्या काड्या वाजतात. मी म्हणालो, साहेब, छत्री वाजत नाही. त्यांना ऐकू गेलं नाही. त्रेचाळीस छत्र्या सील केल्या. गिऱ्हाइकं येतात, छत्री घेऊन जातात, उघडत नाही म्हणून परत आणतात. मी त्यांना सांगतो, काढू नका, म्हातारा चांगला आहे, थोडं सोसा. सगळ्यांनी सोसलं आहे. सायकलवाले तोंडानं ट्रिंग म्हणतात.

ते जाऊ द्या. मला भीती वेगळीच वाटते. त्यांचा श्वास बघा म्हणजे कळेल. बसलेले असतात आणि छाती भात्यासारखी चालते. अंग तापलेलं, घामानं निथळतं. काल मला त्यांनी "हेडक्लार्क" म्हणून हाक मारली आणि बाजाराचा अहवाल मागितला. मी दिला. म्हणजे तोंडी दिला, म्हटलं, सगळे काटे बरोबर आहेत साहेब. त्यांना ऐकू गेलं नाही, पण ओठांकडे बघून त्यांनी मान डोलावली.

डॉक्टरांना बोलावलं, ते म्हणाले वय झालं की असं होतं. मी त्यांना माझ्या पुड्या देत आलो, दिवसाला तीन-चार. त्यानं बरं वाटेल म्हणून. आणखी काय द्यावं ते कळवा.

आपला,
छत्रीवाला

•

१६ फेब्रुवारी

अक्का, इमारतीच्या तळमजल्यापासून गच्चीपर्यंतच्या सर्व इसमांना याद्वारे कळवण्यात येते की वाजणारी वस्तू माझ्या खिशात नाही, मी बघितली आहे. हेडक्लार्क भला आहे पण त्याच्या छत्र्या कमी भरतात. पारड्यात घंटा ठेवली आणि दुसऱ्या पारड्यात मी बसलो. मी वर गेलो. कृपया नोंद घ्यावी.

(सही)
निरीक्षक

•

तार, १९ फेब्रुवारी

छत्रीवाले यांस. भावाला गोळ्यांची विषबाधा आहे. हॉस्पिटलला फोन केला गाडी निघाली. आता एकही पुडी गोळी मलम नाही. उलटी काढायला लावू नका. सगळी पाकिटं डब्या वही गाडीत द्या. मी दोनच्या बसने येते. अक्का.

•

१९ फेब्रुवारी, तुमच्या भावांच्या दाराला अडकवून

अक्का,

तुम्ही याल तेव्हा वर कोणी नसेल, म्हणून चिठ्ठी. साहेब हॉस्पिटलमध्ये पोचले. चौकातून डावीकडे, पिवळी इमारत, पुरुषांचा वॉर्ड.

तार आणि गाडी एकदमच आली. साहेब कुठेही जायला तयार नव्हते. दोन माणसं धरायला गेली, तर त्यांनी ओळखपत्रं मागितली. पण गाडी आवारात उभी होती आणि तिच्या टपावर घंटा होती. ती त्यांना गॅलरीतून दिसली. पक्कड घेऊन ते स्वतःच खाली उतरले. ड्रायव्हर शहाणा निघाला. त्यानं घंटेकडे बोट केलं, मग गाडीच्या आत बोट केलं. साहेब आत चढले, आम्ही दार लावलं. वाटेत त्यांनी ऑक्सिजनची नळी सील करायला घेतली, ती मी हातातून काढून घेतली.

पाकिटं सगळी दिली. डॉक्टरांनी वही उघडली आणि चारही रकाने वाचले. मग पेन काढलं आणि खाली एक आडवी रेघ मारून बेरीज केली. मला म्हणाले, ही बेरीज कोणीच केली नाही का?

माझ्या पुड्याही त्यात आहेत. मी खाली दुकानातच बसतो आहे. तुम्हाला माझं तोंड बघायचं नसेल तर मागच्या जिन्यानं उतरा.

छत्रीवाला

•

२० फेब्रुवारी, हॉस्पिटलच्या वहीत

काट्या, डॉक्टर म्हणतात दोन-तीन दिवस तुला धड ऐकू येणार नाही. वॉर्डात ओरडून मी नर्सबाईंच्या शिव्या खाल्ल्या. म्हणून ही वही आणली. मी लिहीन, तू वाच. मग तू लिही. हाताला सलाइन आहे, तेव्हा डाव्या हातानं लिही, अक्षर हसण्यासारखं आलं तरी मी हसणार नाही.

— मला इथे का आणलं? घंटा इथेही आहे.

घंटा तुझ्या कानात आहे. बाहेर कधीच नव्हती. आता मुकाट्यानं वाच. काल तुझी नोटीस आणि छत्रीवाल्यांचं पत्र एकाच टपालानं आलं. मी दोन्ही घेऊन आमच्या गल्लीतल्या औषधवाल्याकडे गेले. मला म्हणायचं होतं, माझ्या भावाला वेड लागलं, झोपेचं काहीतरी द्या. त्यानं दोन्ही पत्रं वाचली, मग मला विचारलं, हे गृहस्थ दुखण्यावर काय काय घेतात? मी एकेक सांगत गेले, तो फळीवरून एकेक पाकीट काढून समोर मांडत गेला. गुडघ्याची गोळी, डोक्याची पूड, फसफसणारी गोळी, मलमाची डबी. मग पाकिटं उलटी केली आणि मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. चारही ठिकाणी औषध एकच. गोळीत, पुडीत, फसफसण्यात अ‍ॅस्पिरिन, आणि मलमात त्याचाच भाऊ, तो कातडीतून आत जातो. नावं चार, माल एक.

— प्रत्येक पाकीट मर्यादेत होतं.

हो. आणि पोट एकच होतं.

— डॉक्टर म्हणाले वय झालं.

मी तर म्हणाले मळ झाला. त्या औषधवाल्यानं बोटं मोजून सांगितलं: कानात घंटा, मग ऐकू कमी येणं, बसल्या बसल्या धाप, घाम, उलट्या, आणि मग बरळणं. त्यानं मला विचारलं, हे सगळं तुम्हाला त्यानं पत्रात लिहिलं होतं? मी म्हणाले, हो, क्रमानं लिहिलं होतं. मग मला तिथे स्टूल दिलं त्यानं बसायला.

आणखी एक म्हणाला. तापावर घेतात ना ती दुसरी साधी गोळी, तिचा डोस जास्त झाला असता तर पहिले एक-दोन दिवस तू ठणठणीत दिसला असतास आणि आतल्या आत यकृत गेलं असतं. तिथे लक्षणांची वाट बघत बसायचं नसतं, शंका आली की उठून हॉस्पिटल गाठायचं. यानं निदान घंटा तरी वाजवली, म्हणाला.

— तू उंबरा ओलांडलास?

कुठला उंबरा, तुझी पाकिटं आधीच गाडीत गेली होती. थेट इथे आले.

२१ फेब्रुवारी, तीच वही

— नर्सबाईंनी रक्त चौथ्यांदा नेलं. किती नेतात, कशात मोजतात, काही सांगत नाहीत.

उतरतंय म्हणाले. सलाइनमधून काहीतरी सोडतात, त्यानं ते लघवीवाटे बाहेर पडतं. तू फक्त पडून राहा.

— मलम चार वेळा लाव असं तू लिहिलंस म्हणून तुला झोप लागत नाही, असं छत्रीवाले म्हणाले. म्हणजे लिहून दाखवलं. तुला झोप लागायला हरकत नाही. मी वही नीट ठेवत होतो. चुकलं ते माझंच.

छत्रीवाले बाहेर बाकावर बसले आहेत. कालपासून. त्यांना वाटतं पुड्यांनी केलं. तुला वाटतं रकान्यांनी. मला वाटतं मलमानं. आम्ही तिघं मिळून तुला मारत होतो आणि तिघंही प्रेमानं. उंटावरून शेळ्या हाकल्या मी, काट्या. चार तासांच्या बसच्या वाटेवर राहते आणि पार्सलं पाठवते.

आता दुसरी गोष्ट लिहिते. तुला ऐकू येत नाही म्हणूनच लिहिता येतंय, तोंडातून तर नऊ वर्षांत आली नाही. ते आठ ग्रॅम खरे होते. मालाच्या पारड्याखाली चकती मी बांधली होती. यांना माहीतही नव्हतं. दुकान चालेना, म्हणून मी केलं. तू सील केलंस तेव्हा हे सगळ्यांसमोर मान खाली घालून उभे राहिले. ते माझ्यामुळे, आणि मी राग मात्र तुझ्यावर धरला. माझ्यावर धरला असता तर जगता आलं नसतं.

— मला माहीत आहे. चकती पारड्याला दोऱ्यानं बांधली होती. गाठ तुझी होती. लहानपणी माझ्या बुटांच्या नाड्या तू त्याच गाठीनं बांधायचीस, उलटी फिरवून. चकती काढली आणि अहवालात "काटा जुना असल्यामुळे" असं लिहिलं. चौतीस वर्षांत खोटं तेवढं एकदाच लिहिलं. सील मात्र करावंच लागलं.



— अक्का, वही ओली करू नकोस. सरकारी आहे.

•

२ मार्च

प्रिय अक्का,

तू गेल्यापासून दोन वेळा फिरून आलो. गुडघा दुखतो. दुखू दे. नवीन डॉक्टरांनी एकच औषध लिहून दिलं आहे, दुसऱ्या जातीचं, आणि कुठलीही गोळी, मलम किंवा पूड त्यांना दाखवल्याशिवाय अंगाला लावायची नाही असं सहीनिशी माझ्याकडून लिहून घेतलं आहे. मला तो माणूस आवडला.

इमारतीतली सीलं काढायचं काम चालू आहे. लावायला तीन दिवस लागले होते, काढायला आठवडा लागेल, कारण लोक थांबवून हालहवाल विचारतात. शिक्षिकाबाईंनी चहा दिला. मांजर अजून लांबूनच बघतं. छत्रीवाले सोबत असतात. त्यांच्या डोकेदुखीच्या पुड्या मी घेऊन कचऱ्यात टाकल्या आणि त्यांना चष्म्याच्या डॉक्टरकडे नेलं. चष्मा लागला आहे. दहा वर्षं माणूस डोळे बारीक करून काड्या शिवत होता.

आता एक कबुली. तुझी आधीच आली आहे, माझी दिली नाही तर बरोबरी होणार नाही, म्हणून देतो. मला बावीस तारखेच्या दुपारीच ऐकू यायला लागलं होतं. घंटा गेली आणि पंख्याचा आवाज आला. तुला सांगणार होतो. पण त्याच वेळी तू शेजारच्या खाटेवरच्या गवंडीबुवांना माझ्याबद्दल सांगत होतीस. मी संपूर्ण खात्याचा मुख्य होतो, असं म्हणालीस. नव्हतो. मी एका मंत्र्याच्या जावयाचा पेट्रोल पंप बंद केला, असं म्हणालीस. तो जावई नव्हता, शेजारी होता. मग म्हणालीस, असा सरळ माणूस आमच्या घरात दुसरा झाला नाही, आणि मला एकच भाऊ आहे.

मी डोळे मिटून पडून राहिलो. तेवीस आणि चोवीसलाही. तोंडावर तू मला असं कधी म्हटलं नसतंस, आणि ऐकू येतं म्हटलं असतं तर तू थांबली असतीस. दोन दिवस तुला फुकट वहीत लिहायला लावलं. याबद्दल योग्य ती कारवाई करावी.

तुझा,
काट्या

•

६ मार्च

प्रिय काट्या,

फोन पुन्हा जोडून घे. टेलिफोन कचेरीला पुन्हा लेखी कळव, त्यांना आता तुझ्या पत्रांची सवय झाली असेल. पंधरा तारखेला मी येते, आठ दिवस राहीन. माझ्यासाठी काही आणून ठेवू नकोस.

तुझी कबुली वाचली. तुला ऐकू येतंय हे मला बावीसलाच कळलं होतं. नर्सबाईंच्या हातातून थाळी पडली तेव्हा दचकलास तू, आणि मग दचकलो नाही असं दाखवायला घोरलास. कुठला बहिरा माणूस थाळी पडल्यावर घोरायला लागतो?

आणि ते शेजारच्या खाटेवरचे गवंडीबुवा. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही. त्यांची सून पहिल्याच दिवशी मला सांगून गेली होती. मी बोलायला लागले की बिचारे हसून मान डोलवायचे, आणि मी तीन दिवस त्यांच्याकडे तोंड करून बोलत होते.

अक्का